पहिल्या नजरेची तालीम

नाटक कंपनीच्या इमारतीला मागच्या अंगाने दोन जिने होते. एका जिन्याने नायकाने चढायचे, दुसऱ्याने नायिकेने. बाकीच्यांनी हवे तिकडून यावे. नव्या माणसाला हे सांगितले की तो आधी हसे, मग मालकांचा चेहरा पाहून हसू गिळून टाके.

हा नियम एकाच नाटकापुरता होता, पण कंपनी त्या एका नाटकावरच जगत होती. नाटक जुने, शोकांत, शाळेतल्या मुलांनाही माहीत असलेले. दोन घरे, मधे एक भिंत, भिंतीत एक दार, आणि दोन घरांच्या वैरापायी ते दार खिळे ठोकून बंद केलेले. पहिला अंक संपता संपता सुतार येऊन ते दार उघडतो. अलीकडे मुलगी उभी असते, पलीकडे मुलगा. दोघे एकमेकांना पहिल्यांदा पाहतात. कुणी काही बोलत नाही. पुढची सगळी भांडणे, खून आणि शेवटचे ते मरण त्या न बोलण्यातून निघते. दार उघडल्यावर प्रेक्षकाच्या पोटात काही हलले नाही, तर पुढे स्टेजवर कितीही माणसे मेली तरी तो शेवटची बस मिळेल की नाही याचाच विचार करत बसतो.

मालक म्हणत, नटाला रडता येते, मरता येते, पण पहिल्यांदा पाहणे काही करून दाखवता येत नाही. ते घडावेच लागते. म्हणून दर दोन-तीन वर्षांनी ते नवी जोडी घेत, बाहेरची, कुणी न पाहिलेली. पहिल्या प्रयोगाला ते दार उघडेपर्यंत त्या दोघांनी एकमेकांचे तोंड पाहायचे नाही. मुलाने तालीम करायची ती बदली मुलीबरोबर, मुलीने बदली मुलाबरोबर. जाहिरातीवर चेहरे छापायचे नाहीत. आपण हे काम करतो आहोत हे घरच्यांखेरीज कुणाला कळू द्यायचे नाही. "कुणी विचारलं तर खुशाल थाप मारा," मालक सांगत, "इथे सगळे त्याचाच पगार घेतात." पहिल्या प्रयोगाची तिकिटे त्या एका नजरेसाठी संपत. दुसऱ्या दिवसापासून त्या दोघांनी स्वतःच्याच नजरेची नक्कल करत वर्ष-दोन वर्षे पोट भरायचे.

बदली मुलगी म्हणजे बाई. तसे त्यांचे खरे काम कपडेपटाचे. झगे, अंगरखे, टोप्या, इस्त्री, रफू, घामाने विटलेल्या काखांना नवे ठिगळ. पण हा प्रवेश त्यांच्याइतका कुणाला पाठ नव्हता, म्हणून प्रत्येक नव्या नायकासमोर त्याच दाराआड उभ्या राहत. वय पन्नाशीच्या पुढे, डोळ्यांवर चष्मा, कानशिलाजवळ दोऱ्याचे एखादे टोक चिकटलेले. दार उघडले की पलीकडचा पोरगा पहिले चार दिवस फिदीफिदी हसे. बाई चष्मा काढून हातात धरत आणि म्हणत, "हसून घे. पोटभर हसून घे. उपाशी राहिलास तर तिथे हसशील." पाचव्या दिवसापासून पोरगा गंभीर होई. बाई त्याला मान किती वळवायची, श्वास कुठे थांबवायचा, हात कुठे विसरायचे ते शिकवत. उरलेले मात्र पहिल्या प्रयोगाला आपोआप येई, आणि ते बाईंसाठी नसे.

हे त्यांना दुसऱ्या कुणाकडून कळलेले नव्हते. विशीत असताना त्या स्वतः त्या दाराशी उभ्या होत्या, नायिका म्हणून. दार उघडले आणि पलीकडच्या मुलाने त्यांच्याकडे असे पाहिले की त्या आपले वाक्य विसरल्या. प्रेक्षकांना वाटले, काय अभिनय आहे. पुढच्या उन्हाळ्यात दोघांचे लग्न झाले. लग्नाला कंपनी झाडून आली आणि मालक, त्या वेळी तेही तरुण होते, म्हणाले की यात अर्धे श्रेय माझे.

मग बाईंना दिवस गेले, मूल राहिले नाही, तब्येत खालावली, आणि दाराशी दुसरी मुलगी आली. नवरा देखणा होता, त्याच्या नावावर तिकिटे खपत, म्हणून एकट्या त्याच्यापुरता मालकांनी नियम वाकवला: नायक तोच, नायिका नवी. त्याला घरची बदली आयतीच मिळाली. तो बाईंबरोबर तालीम करी, बैठकीच्या आणि स्वयंपाकघराच्या मधल्या दारात, आणि म्हणे, "तुझ्यावर हात बसलाय माझा." पहिल्या प्रयोगाला बाई कौतुकाने विंगेत उभ्या राहिल्या. दार उघडले. त्याने नव्या मुलीकडे पाहिले, आणि ते तेच पाहणे होते. तोच श्वास, तीच मान, तेच विसरलेले हात. बाईंच्या हातात टाचण्यांची डबी होती, ती त्यांनी घट्ट मिटून घेतली एवढेच.

त्यानंतर आणखी नायिका आल्या. एकीबरोबर तो दोन वर्षे दुसऱ्या गावी राहिला, मग खोकला घेऊन परत आला. बाईंनी त्याचे सगळे केले. शेवटच्या दुखण्यात एक नवी नर्स दारातून आत आली, तेव्हा त्याने उशीवरून मान वळवून तिच्याकडेही तसेच पाहिले. बिचारी लाजली. बाई औषध ओतत होत्या, त्यांनी चमचा सांडू दिला नाही.

यातले काही त्यांनी कधी कुणाला सांगितले नाही. लोक विचारत, "बाई, तुमचं लग्न त्या नजरेतून जमलं ना?" त्या म्हणत, "हो ना." लोकांचा चेहरा खुले. आपण काहीतरी खोटे विकतो आहोत असे बाईंना वाटे, पण इस्त्री गरम झालेली असे.

धाकटी बहीण गेल्यावर तिची मुलगी बाईंकडे आली होती. अंगाने लहानखुरी, तोंडाने मोठी. सगळे तिला बारकी म्हणत. बारकी मावशीच्या दोन खोल्यांत वाढली, शिकली, एका छापखान्यात कागद मोजायला लागली, आणि एक दिवस मावशीचा विसरलेला डबा द्यायला म्हणून कंपनीत आली. पहारेकऱ्याने अडवले. बारकी त्याला म्हणाली, "काका, मी डबा घेऊन आलेय, तोफ नाही. उघडून दाखवू का?" मालक वरच्या खिडकीत होते. त्यांनी खाली वाकून पाहिले आणि दुसऱ्या दिवशी बाईंना बोलावून घेतले.

"नाही," बाई म्हणाल्या.

"मी अजून काही विचारलंच नाही."

"तरी नाही."

घरी येईपर्यंत मालकांचा निरोप बारकीला पोचला होता. ती पाटावर उभी राहून फळीवरची पिठे काढत होती, ती तशीच वळली.

"मावशी, तू का नाही म्हणालीस?"

"तुझं छापखान्यातलं बरं चाललंय."

"तू स्वतः केलंस ना हे काम?"

"म्हणूनच."

"म्हणूनच म्हणजे काय?"

"म्हणजे काही नाही. खाली उतर, पडशील."

बारकीने काम घेतले. तिच्या तालमी सकाळी, प्रॉम्प्टर आजोबांबरोबर. आजोबांना तपकिरीचे व्यसन होते. घरी येऊन ती नकला करी: "दार उघडतं, माझा प्रियकर माझ्याकडे बघतो, डोळ्यांत पाणी, आणि मग आक्‌छी. मावशी, मी त्याच्यासाठी मरायचं कसं?" बाई हसत. नायकाच्या तालमी दुपारी, बाईंबरोबर. पोरगा परगावचा, एका गोदामात हिशेबनीस होता, ताडमाड उंच. स्वभावाने वाईट नव्हता. सांगितलेले ऐके, बाईंची पेटी उचलून देई. पण दाराशी उभे राहून त्याने मान वळवली की बाईंना नवरा आठवे. हा जमवणार. याला ते जमणार, आणि बारकी त्या दाराशी उभी राहून सगळे खरे समजणार. ती लग्न करील त्या नजरेशी. मग दोन-तीन वर्षांनी हा दुसऱ्या दाराशी उभा राहील.

बारकीला समोर बसवून चार शब्द सांगणे, एवढेच करायचे होते. बाईंनी दोनदा सुरुवात केली. एकदा बारकी म्हणाली, "त्या दाराशी काकांनी तुझ्याकडे कसं पाहिलं होतं ते सांग ना, मला उपयोग होईल." बाई उठल्या आणि दूध उतू गेले का ते बघून आल्या. दूध थंड होते.

तेव्हा त्यांनी दुसरा उपाय काढला, आणि तो त्यांच्याच धंद्यातला होता. नजर पहिली असते म्हणून चढते. मग ती पहिली राहूच द्यायची नाही. या दोघांनी एकमेकांना आधीच पाहून टाकायचे, भर दुपारी, मळक्या कपड्यांत, रंगाशिवाय, दिव्याशिवाय. मग दार उघडले तरी काय दिसणार? ओळखीचा माणूस. पुढे जमले तर ते दिवसाउजेडी जमेल, नाही तर नाही.

न्हाणीघराची नळी तुंबून पाणी घरात आले, त्या रविवारी बाईंनी नायकाला निरोप पाठवला: तुझी विजार आखूड होतेय, कंपनीतले मशीन बिघडलेय, घरी ये, खालची दुमड सोडून देते. बारकीला सांगितले की शिंप्याकडचा कुणी कपडे घेऊन येईल. आणि स्वतः आतल्या खोलीत मशीनवर बसल्या, दाराकडे पाठ करून.

दार वाजले. बारकी विजार गुडघ्यापर्यंत दुमडून, डोक्याला फडके बांधून, एका हातात तार घेऊन पाण्यात उभी होती.

"बाई आहेत का?"

"आहेत. बूट बाहेर काढा. आत पाणी आहे."

"किती आहे?"

"मला पोटरीपर्यंत. तुम्हाला नखापर्यंत असेल. तुम्ही शिंप्याकडचे ना?"

पोरगा थबकला. कुणाला सांगायचे नाही, थाप मारायची. "हो," तो म्हणाला. "शिंप्याकडचाच. आणि तुम्ही?"

बारकीलाही तोच हुकूम होता. "मी इथे कामाला आहे. धुणीभांडी."

"नळीपण तुम्हीच काढता?"

"नाही, नळी काढायला मोटारीतून साहेब येतात. धरा हे." तिने तारेचे दुसरे टोक त्याच्या हातात दिले. "ओढा. जोरात. शिंपी आहात का गोगलगाय?"

त्याने ओढले. नळीतून मोठा थोरला काळा गोळा बाहेर आला, दोऱ्यांचा, वर्षानुवर्षे बाईंच्या कपड्यांबरोबर धुवून गेलेल्या लाल, हिरव्या, सोनेरी दोऱ्यांचा. पाणी घळघळ खाली गेले. दोघे त्या गोळ्याकडे बघत राहिले.

"याचा एक सदरा निघेल," पोरगा म्हणाला.

"तुमच्या मापाचा नाही निघायचा. उंटाला कापड जास्त लागतं."

आतमध्ये बाईंनी मशीन थांबवले होते. त्यांना दोघांचे हसू ऐकू आले. नाटकात असते तसे नाही, नाकातून सुटणारे, थांबवूनही न थांबणारे. बाईंच्या मनावरचा धोंडा उतरला. झाले, त्यांना वाटले, आता ते दार नुसते लाकडाचे झाले.

पुढच्या रविवारी पोरगा विजार न्यायला आला, त्याच्या पुढच्या रविवारी सदऱ्याचे बटण तुटले म्हणून आला. बटण ओढून तोडलेले आहे हे बाईंनी पाहताक्षणी ओळखले. बारकीने चहा केला आणि त्यात साखर घालायला विसरली. त्याने तो तसाच प्यायला. "कसा झालाय?" तिने विचारले. "गरम आहे," तो म्हणाला. ती त्याला उंट म्हणे, तो तिला मोलकरीणबाई म्हणे. तो गेल्यावर ती मावशीला म्हणाली, "शिंप्याचं दुकान कुठे गं त्याचं?" बाई म्हणाल्या, "लांब आहे." त्या वेळी तोंड उघडायला हवे होते. पण बाईंना वाटले, आत्ता सांगितले तर दोघे नियम मोडल्याच्या भीतीने गडबडतील, मालकांना कळेल, बारकीचे काम जाईल. चार दिवसांवर प्रयोग आहे. दार उघडेल, एकमेकांना ओळखतील, जरा चपापतील, प्रयोग थोडा फिका जाईल. एक फिका प्रयोग गेला तर गेला.

ते हसतील, हे मात्र त्यांच्या मनातही आले नाही. या दाराशी कधी कुणी हसलेच नव्हते.

प्रयोगाला खुर्च्यांच्या मधल्या वाटेतही माणसे बसली होती. बाईंनी बारकीला जरीचा झगा चढवला, मागचे हुक लावायला घेतले. बारकीने खांद्यावरून मागे पाहिले. "मावशी, तो कसा दिसतो? नुसतं सांग, नाक मोठं आहे का?" बाई म्हणाल्या, "श्वास आत घे, हुक लागत नाही."

सुताराने खिळे काढले. दार करकरत उघडले. पलीकडे रेशमी अंगरख्यात, कमरेला तलवार लावलेला, शिंप्याकडचा उंट उभा होता. अलीकडे जरीच्या झग्यात धुणीभांडीवाली. मग बारकीच्या नाकातून एक फुर्र असा आवाज आला. तिने ओठ चावले, खांदे आवळले, पण आतून हसू वर येत राहिले, आणि ते पाहून त्या पोराचाही बांध फुटला. तो दाराची चौकट धरून हसला. पहिल्या रांगेत कुणीतरी हसले, मग मागे, मग सगळे. पडदा पाडावा लागला. पुढचे अंक झाले, माणसे मेली, पण प्रत्येक मरणाला कुठल्या तरी कोपऱ्यातून खुसखुस येत राहिली.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्राने लिहिले की कंपनीने आता विनोदी नाटके करावीत.

मालक ओरडले नाहीत. त्यांनी तिघांना समोर उभे केले आणि पोराला विचारले, "ओळखत होतास?"

"हो. म्हणजे, हीच नायिका आहे हे ठाऊक नव्हतं. बाईंनी घरी बोलावलं होतं."

"नक्की बाईंनीच?"

पोराने बाईंकडे पाहिले, मग जमिनीकडे. "त्यांनीच."

बारकीने मान वळवली. त्या वळण्यात काही शिकवलेले नव्हते. "मावशी?"

"विजार आखूड होती," बाई म्हणाल्या, आणि त्यांचे त्यांनाच ते ऐकवेना.

मालक बाईंकडे वळले. ते मूर्ख नव्हते, आणि जुने होते. "नवऱ्याचा राग माझ्या दारावर काढलात," ते म्हणाले. "काढा. पण ते दार माझं आहे. मुलगा राहील. त्याला बसवायला महिने गेलेत. मुलगी आधी हसली."

"एकामागोमाग हसले दोघं," बाई म्हणाल्या.

"आधी ती हसली. दुसरी मुलगी बघितलीय मी, गावाहून येतेय. आणि तुम्ही आता तालमीच्या खोलीत पाय टाकायचा नाही, कपड्यांतच राहायचं." मग ते बारकीकडे वळले. "तुला प्रवेश पाठ आहे. तुझं तोंड त्याला पाहून झालंय, त्यामुळे तुझा आता एकच उपयोग आहे. मावशीच्या जागी उभी राहशील? बदली?"

"नाही राहणार ती," बाई म्हणाल्या. "ती छापखान्यात परत जाईल. मालक, तिला काढून टाका. सरळ काढून टाका."

"मी राहीन," बारकी म्हणाली.

घरी जाताना ती मावशीच्या चार पावले पुढे चालली. जिन्यात थांबून म्हणाली, "तू माझं काम घालवलंस. का ते मला विचारायचंसुद्धा नाही. पण तो तिथे आहे, म्हणून मी राहणार."

कपडेपटाची खोली आणि तालमीची खोली यांच्यामधे पातळ फळ्यांची भिंत होती. बाई इस्त्री करत आणि पलीकडचे ऐकत. बारकी सांगे, "मान हळू. अरे उंटा, हळू, मानच आहे ती, दोरखंड नाही." पोरगा हसे. मग दार उघडल्याचा आवाज, आणि मग शांतता. ती शांतता रोज थोडी थोडी लांबत गेली. इस्त्री झग्यावर टेकवून बाई उभ्याच राहत, एकदा तर झगा करपला.

बारकी पुन्हा बोलू लागली, कारण आनंद एकट्याने खपत नाही. "मावशी, आज मालकसुद्धा गप्प झाले. तो माझ्याकडे बघतो ना, तेव्हा मी बदली आहे हेच विसरायला होतं. तो म्हणाला, तुझ्यावर हात बसलाय माझा."

बाईंच्या हातातून बटणांची वाटी खाली पडली. बटणे खाटेखाली, कपाटाखाली, सगळीकडे गेली. दोघी गुडघ्यांवर बसून वेचू लागल्या. बाईंना वाटले, आत्ता. तोंड खाली आहे, डोळ्याला डोळा नाही, आत्ता सांगता येईल. "बारके," त्या म्हणाल्या.

"काय?"

"तुझ्या काकांनी..."

"हो, ठाऊक आहे. काकांनी तुझ्याकडे कसं पाहिलं होतं ते सगळी कंपनी सांगते." बारकीने खाटेखालून एक बटण काढले, फुंकर मारली, वाटीत टाकले. "तुझं झालं, आणि माझं होऊ नये असं तुला वाटतं. एवढंच आहे ना? मी रागावत नाही आता. जाऊ दे."

बाईंनी पुढचे वाक्य गिळले. भाचीने आपल्याला मत्सरी समजावे, हे त्यांना परवडले. आपल्या लग्नात काही नव्हते हे तिने समजावे, हे परवडले नाही. बाईंनी उरलेली बटणे वेचली.

नवी मुलगी आली. साधी होती, विशेष देखणीही नव्हती. बाईंनी तोच जरीचा झगा कंबरेत उसवून तिच्या मापाचा केला. दुसऱ्या पहिल्या प्रयोगाला लोक आले ते निम्मे हसायला आले होते. बारकी विंगेत उभी होती, तिच्या मागे बाई. बारकीने त्या दिवशी केस धुतले होते. प्रयोग संपला की दोघे नदीकडे फिरायला जाणार होते, तसे ठरले होते.

खिळे निघाले. दार उघडले.

पोराने मान वळवली, हळू, बारकीने शिकवली तशी. आणि मग जे बारकीने शिकवले नव्हते ते आले. श्वास छातीत अडकला. हात विसरले गेले. चेहऱ्यावर असा एक उजेड आला की तो दिव्याचा नाही हे शेवटच्या रांगेलाही कळले. नव्या मुलीचा हात चौकटीवर गेला आणि तिथेच राहिला. हसायला आलेल्या माणसांनी श्वास रोखले. बारकीने एक पाऊल पुढे टाकले, स्टेजच्या उजेडात जवळजवळ गेलीच असती, बाईंनी तिचा दंड धरला.

टाळ्या पडदा पडल्यावरही थांबेनात.

"त्यानं माझ्याकडे असं नाही पाहिलं," बारकी म्हणाली. "एकदाही नाही."

बाईंनी तिचा दंड अजून धरलेलाच होता.

"तुला माहीत होतं?"

"हो."

"हे असं होतं, हे तुला आधीपासून माहीत होतं?"

"तुझ्या काकांचं असंच. दरवेळी. मी इथेच उभी असायचे."

बारकीने दंड सोडवून घेतला. तिचा आवाज चढला नाही, उलट अगदी साधा झाला, भाजीवाल्याला भाव विचारावा तसा. "मग हे तोंडानं का नाही सांगितलंस? अगदी पहिल्या दिवशी, पिठं काढत होते तेव्हा. चार वाक्यांचं काम होतं. त्याला घरी बोलावलंस, विजारीचा बहाणा केलास, मला नळीच्या पाण्यात उभी केलीस. आणि तोंडानं नाही सांगितलंस."

बाईंपाशी उत्तर होते. आपल्याला लाज वाटत होती, हे ते उत्तर. पण दुसरा अंक सुरू होत होता, अंगरखा बदलायला पोरगा धावत विंगेत आला, घामाघूम, डोळे लखलखत. "बारकी, पाहिलंस?" तो म्हणाला. "बाई, पाहिलंत? जमलं ना?" त्याला काही कळलेले नव्हते. बाईंनी त्याचा अंगरखा उतरवला, दुसरा चढवला. बारकीने खालची तीन बटणे लावली, वाकून, सवयीने.

नदीकडे कुणी गेले नाही. त्या पोराचे आणि नव्या मुलीचे पुढच्या उन्हाळ्यात लग्न झाले आणि मालकांनी अर्धे श्रेय घेतले.

बारकीने छापखान्यात विचारून पाहिले, तिथे जागा भरली होती. ती कंपनीतच राहिली. मावशीशी बोलते, नाही असे नाही. तेल संपलेय, दूधवाल्याला सांग, छत्री ने. तिला बघायला दोन ठिकाणची माणसे येऊन गेली. दोन्ही वेळा ती खाली मान घालून बसली आणि ते गेल्यावर मावशीला म्हणाली, "कळव त्यांना नाही म्हणून." बाईंनी कारण विचारले नाही, आणि विचारायचा हक्क कुठल्या दिवशी गेला हे त्यांना पक्के माहीत आहे. नवरा गेल्यावर त्या कधी रडल्या नव्हत्या. आता कधीतरी, झग्याच्या कडेला टीप घालताना, मशीनचा आवाज मोठा असला की थोडे रडून घेतात.

परवा नव्या नायकाची तालीम सुरू झाली. मालक म्हणतात की बदली म्हणून बारकी मावशीपेक्षा सरस आहे, पोरे तिच्यासमोर हसत नाहीत. बाई फळ्यांच्या भिंतीला लागून इस्त्री करत होत्या. पलीकडे दार करकरले, मग शांतता पडली, आणि ती लांबू लागली. तेव्हा बारकीचा आवाज आला, कोरडा, शिकवणीला आलेल्या पोराला सांगावे तसा.

"माझ्याकडे नको बघूस. चौकटीकडे बघ. मी फक्त उंची कळावी म्हणून उभी आहे."